पेल्यावरचा मासा

“चांदी आहे खरी, पण कमावलेली नाही.”

आबाकाका हे म्हणाले तेव्हा मी पाचवीत होते. आबाकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. पाडव्याची पंगत बसली होती आणि बाबांनी मोठ्या हौसेनं त्यांच्या पानाशी चांदीच्या पेल्यात पाणी ठेवलं होतं. काकांनी पेला उचलला, उजेडाकडे धरला, त्यावर कोरलेल्या चित्रावरून नख फिरवलं आणि घोटही न घेता खाली ठेवला. मग ते वाक्य. श्रीखंड वाढणारे हात क्षणभर थांबले, पुन्हा चालू झाले. बाबा उठले. पेल्यातलं पाणी त्यांनी अंगणातल्या जास्वंदीला घातलं आणि पेला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यानंतर तो पेला आमच्या घरात कधी पाण्याला लागला नाही.

पेल्यावर मासा होता. म्हणजे आम्ही सगळे त्याला मासा म्हणायचो. लांबट अंग, दोन्ही टोकांना निमुळतं, अंगभर खवले, मागे शेपटी पिसारलेली. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. माझे आजोबा, बाबा त्यांना अण्णा म्हणत, ऐन तरुणपणी विरारच्या स्टेशनात पार्सलबाबू होते. मासळीच्या टोपल्या आधी चढवाव्यात म्हणून कोळ्यांनी बाबूला पेला दिला असणार, असा हिशेब आबाकाकांनी मांडला आणि तोच सगळ्या भावकीत चालला. अण्णा तोवर गेलेले, आणि असताना पेल्याबद्दल ते कधी बोललेही नव्हते. बाबांची आई तर ते तीन वर्षांचे असतानाच गेली. बाबा निफाडला याच आबाकाकांच्या घरी वाढले. ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं त्यांना उलट उत्तर कसं द्यायचं?

बाबांनी पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी केली आणि त्या पाडव्यानंतर दिवाळीत आलेला मिठाईचा साधा पुडासुद्धा कधी घरात ठेवून घेतला नाही. लहानपणी दारातून परत जाणाऱ्या त्या पुड्यांकडे पाहून मला रडू यायचं. फार उशिरा कळलं, की ते आयुष्यभर तो पेला फेडत होते.

आई गेल्यापासून बाबा नाशिकला आमच्याकडे असतात. ऐंशी पूर्ण झाली. या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी पेला वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. “मोडीत दे. मी गेल्यावर तुझ्या घरात नको हा.”

मी सराफाकडे गेले. त्यानं पेला उलटा केला, भिंग लावलं आणि म्हणाला, “खाली गाव कोरलंय बघा. आगाशी. मोडायचा तर मोडतो, पण कारागिराचा हात मोठा आहे हो. जिवावर येतंय.” इतकी वर्षं पेला घरात होता आणि त्याचा तळ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. लाज वाटणाऱ्या वस्तूकडे माणूस नीट बघतसुद्धा नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, एकदा आगाशीला जाऊन येते, मग मोडू.

“जा,” ते म्हणाले. “परत आणला नाहीस तरी चालेल.”

*

मार्चच्या सुरुवातीला शाळेला जोडून सुट्टी आली आणि मी एकटीच गाडी काढली. पेला जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, भोवती माझी जुनी ओढणी. नाशिकहून वसईला जायचं तर बहुतेक लोक ठाण्यावरून घोडबंदर रस्ता धरतात. मी भिवंडीच्या अंजूरफाट्याहून कामण-चिंचोटीचा रस्ता घेतला. अंतर कमी आहे, पण हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. गोदामं, कंटेनर आणि मध्येच असे खड्डे, की डब्यातला पेला प्रत्येक वेळी टण्णकन वाजून आपण आहोत हे कळवायचा. पहाटे निघालात तरच हा रस्ता धरा. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा आणि इगतपुरीला पोटभर नाश्ता करून घ्या, कारण पुढे थांबावंसं वाटेल असं फारसं काही लागत नाही.

गोखिवऱ्यात शिरलं की वाटतं, हे काय बघायला आलो? कारखान्यांचे पत्रे, इमारतींमागे इमारती, टेम्पो. पण पूल ओलांडून पश्चिमेला या आणि समुद्राच्या दिशेनं जरा पुढे जा. दहा-पंधरा मिनिटांत रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळी आणि नारळ येतात, कौलारू घरांपुढे क्रूस दिसतात, त्याच वळणावर मारुतीचं देऊळ, आणि हवेला एकदम ओली, गोडसर चव येते. गाडीची काच खाली करा. एसी बंद. इथं एवढं कराच.

आगाशीचा बाजार जुना आहे आणि गाडीपेक्षा पायांसाठी बांधलेला आहे. तळ्याजवळ गाडी लावून मी डबा काखेत घेऊन निघाले. तिसऱ्या दुकानातल्या सोनारानं पेला हातात घेतला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस.

“आगाशीचाच आहे. आमच्या आजोबांच्या वेळचं काम. पण कोणी घडवला, कोणाला दिला ते कसं सांगू ताई? पेला बोलला असता तर त्याला घेऊन मीच टीव्हीवर गेलो असतो.”

“यावर मासा आहे. मासळीवाल्यांनी करून घेतला असेल का?”

“मासा आहे म्हणता? मग अर्नाळ्याला जा. माशाची ओळख आम्हाला कशाला विचारता, त्यांना विचारा.” मग हसून म्हणाला, “आणि जाताना डबा उघडा ठेवू नका. मांजरं फार आहेत तिकडे.”

*

खरं सांगू? अर्नाळ्याच्या रस्त्यावर मी दोनदा गाडी कडेला घेतली. एकदा रस्ता विचारायला आणि एकदा नुसतीच. बाबांना वाचवायला निघाले होते, पण समजा कुणी म्हणालं, “हो, आमच्याच आज्यानं दिला बाबूला, आमची टोपली पहिली चढायची,” तर? तर मी काय घेऊन घरी जाणार होते? आजवर तो नुसता संशय होता. संशयाला निदान एक फट तरी असते.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागलेल्या होत्या. समोर पाण्यात किल्ल्याची काळी रेघ. वाळूवर बांबूंच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीनं उलटे टांगलेले. माझ्यासारख्या नाकाला तो वास पहिल्यांदा थोबाडीत बसतो, मग अर्ध्या तासात कळेनासा होतो. चार-पाच बायका सावलीत जवळा निवडत बसल्या होत्या. मी डबा उघडला आणि पेला पुढे केला.

“मावशी, हा कुठला मासा आहे सांगाल?”

सगळ्यात थोरल्या बाईनं हात पदराला पुसून पेला घेतला. शेजारणीनं मान लांब केली.

“ह्यो मासा?” थोरली म्हणाली. “याला डोला कुठं हाय?”

मी पाहिलं. डोळा नव्हता.

“कल्ले पन नाय,” दुसरी म्हणाली. “नि शेपूट बघ, शेपूट दोन्हीकडं! ताई, पुढं पन शेपूट नि मागं पन शेपूट. ह्यो पान्यात जाईल कुठं?”

“तिच्या नवऱ्यासारखा,” तिसरी बोटानं दाखवत म्हणाली, “सकाळी निघतो नि जागेवरच असतो.” सगळ्या अशा हसल्या, की वलांडीवरचा कावळा उडाला.

“कुनी सांगितला तुला मासा?” थोरलीनं पेला परत देत विचारलं.

“आमच्या घरात सगळे म्हणतात.”

“तुमी मासं खाता?”

“नाही.”

“मंग बराबर,” ती म्हणाली आणि पुन्हा जवळ्याकडे वळली.

वाळूतून गाडीकडे परत येताना मी एकटीच हसत होते. लोक वळून बघत होते, बघू देत. ज्यांनी आयुष्यात मासा निवडला नाही, चिरला नाही, नीट पाहिलाही नाही, अशा माणसांनी एका माणसाची लायकी एका माशावरून ठरवली होती आणि तो मासाच नव्हता! कोळ्यांची लाच तिथंच, त्या वाळूत, बोंबलांखाली पडली. ती उचलायला मी वाकले नाही.

पण मग ते होतं काय?

रात्री एका वाडीतल्या घरगुती मुक्कामात राहिले. दोन खोल्या, स्वच्छ, समोर विहीर. नाश्त्यासकट दोन हजारांच्या आत होतं. शनिवार-रविवारी आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका, मुंबईकर सगळं भरून टाकतात. जेवायला तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी होती. ती मी दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा मागायला लाजले.

*

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. निघताना निर्मळच्या रस्त्यावर एका बाईच्या टोपलीपाशी थांबले. बाबांसाठी सुकेळी घ्यायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. त्यांना राजेळी जातीचंच केळं लागतं. पिकवून, सोलून बांबूच्या ताटीवर वाळत घालायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं करत करत केळं मधाच्या रंगाचं होतं आणि बोटभर उरतं. आता बहुतेक ठिकाणी ती प्लास्टिकच्या डब्यात मिळतात. या बाईकडेही डबेच होते. फक्त टोपलीच्या कोपऱ्यात एक पुडी होती, केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली.

लांबट. दोन्ही टोकांना निमुळती. अंगावरून केळीच्या सोपटाच्या दोरीची वेणी घातलेली, एकावर एक पेड, अगदी खवल्यांसारखे. आणि दोन्ही टोकांना दोरीचे सुटे धागे पिसारलेले. पुढं पण शेपूट नि मागं पण शेपूट.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बाई मात्र म्हणाली, “अहो ताई, बसा, बसा. ऊन लागलं का?”

मी डबा उघडून पेला त्या पुडीशेजारी ठेवला. तिनं दोन्हींकडे पाहिलं. “अरे देवा,” ती म्हणाली. “हुबेहूब.”

“ही पुडी तुमची?”

“नाही ओ. आम्ही सरळ तीन गाठी मारतो. सगळेच तसंच बांधतात. ही वेणी एकाच घरची, गास गावातल्या. म्हातारी हट्टी आहे, डब्यात भरू देत नाही. बाबूबाईची वेणी म्हणतात तिला.”

“कुठली बाबूबाई?”

“ते मला काय माहीत? नाव आहे. तलावाजवळचं घर विचारा, कोणी पण सांगेल.”

बाबूबाई. बाबूची बाई. मी गाडी सुरू केली आणि गासचा रस्ता विचारत निघाले.

*

गासला शेतं अजून शेतं आहेत. नालासोपाऱ्याच्या इमारती क्षितिजावर कडं करून उभ्या आहेत, पण अलीकडे भाजीचे वाफे, केळी आणि बावखल. बावखल म्हणजे बागांना पाणी देण्यासाठी राखलेलं तळं. त्याच्या काठचं घर. ओट्यावर बांबूच्या ताट्या, ताट्यांवर केळी, वर मच्छरदाणीचं कापड. दारावर क्रूस. घरातली सून, रजनी, माझ्याच वयाची निघाली, शाळेत शिक्षिका. माझा सगळा गोंधळलेला पाढा तिनं शांतपणे ऐकून घेतला.

“आई ऐकतात कमी,” ती म्हणाली, “पण दिसतं चांगलं. या.”

फिलोमिना आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, बारीक, केसांत एकही काळा धागा नाही. मी ओढणी सोडून पेला त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी पेल्यावरून अंगठा फिरवला, वेणीच्या एकेका पेडावरून. मग सुनेकडे बघून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, मला अर्धंच कळलं.

“काय म्हणाल्या?”

रजनीचा आवाज बदलला होता. “म्हणाल्या, बाबूबाईचा पेला परत आला.”

पुढचं आजी मराठीतून बोलल्या, थांबत थांबत, मध्येच बोलीत जात. रजनी दुवे जोडत होती. शेजारच्या बागेत खोली भाड्यानं घेऊन एक पार्सलबाबू राहायचा. नाशकाकडचा. त्याची बायको उंच, सावळी, डावखुरी.

“वाढताना डावा हात पुढं यायचा,” आजी म्हणाल्या, “नि मग स्वतःच हसायची. मी तेव्हा फ्रॉकातली पोर. तिच्या मुलाला कडेवर घेऊन फिरायचे. लठ्ठ होता, बाय! माझी कंबर मोडायची.”

“तो मुलगा माझे बाबा,” मी म्हणाले.

“लठ्ठ आहे अजून?”

“नाही आजी. बारीक आहेत.”

“आई गेली ना,” त्या म्हणाल्या, जणू ते कालच घडलं होतं.

त्या बाईला इथं सुकेळी करायचा नाद लागला. फिलोमिना आजींच्या आईकडून शिकली. बाबूच्या बायकोनं केळी सोलत बसावं, यावरून गावात थोडी टिंगल झाली. तिला फरक पडला नाही. पुडी मात्र तिनं स्वतःच्या पद्धतीनं बांधली. आमच्या गावाकडे लसूण अशी बांधतात, म्हणायची. आजींनी हवेत बोटं फिरवून दाखवलं आणि ती वेणी मी ओळखली. दरवर्षी फाल्गुनात आमच्या गॅलरीत बाबा लसणाची पात अशीच विणतात. निफाडच्या घरोघरी अशाच वेण्या टांगलेल्या असतात. मी ती बालपणापासून बघते आहे. पेल्यावर मात्र मला मासा दिसला, कारण मासा आहे हे मला आधी सांगितलेलं होतं.

“पण पेला कुणी दिला, आजी?”

तेव्हा आगाशीचा एक व्यापारी इथली सुकेळी बाहेरगावी पाठवायचा. त्याची एक रीत होती. पावसाच्या आधी प्रत्येक घरानं आपली एक पुडी त्याच्या माळ्यावर टांगायची आणि चार महिने तिला कुणी हात लावायचा नाही. इथला पाऊस, इथली ओल, भिंतींनासुद्धा बुरशी धरते. दसऱ्यानंतर सगळ्यांसमोर पुड्या उघडायच्या. जिची पुडी टिकली तिचा मान. एरवी पितळेचं भांडं मिळे. त्या वर्षी व्यापाऱ्याला नातू झाला होता, त्यानं चांदीचा पेला कबूल केला.

“आमची उघडली, वर पांढरं,” आजी म्हणाल्या. “पलीकडच्यांची उघडली, किडा. मग तिची उघडली. वास असा सुटला, बाय, मधाचा! एक केळं खराब नाही. सगळे बघत राहिले. नि ती कुठं होती?”

रजनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“ती श्रावणात गेली होती,” आजी म्हणाल्या. “तापानं. दोन दिवसांत.”

माझ्या आजीची पुडी तिच्यामागे टिकली होती.

व्यापारी म्हणाला, पेला तिचाच. सोनाराला त्यानं सांगितलं, यावर दुसरं काही काढू नकोस, तिची पुडी काढ. वेणीसकट. आणि तो पेला घेऊन चार-पाच माणसं गासला आली. फिलोमिना आजींच्या आईनं लेकीलाही बरोबर नेलं होतं.

“बाबूनं पेला हातात धरला,” आजी म्हणाल्या. “आत जाऊन पाणी भरून आणलं नि पहिलं पाणी मुलाला पाजलं. मुलगा माझ्या कडेवर होता. त्यानं अर्धं माझ्या फ्रॉकावर सांडलं.” त्या हसल्या. “मग बदली मागून गेला. तिची वेणी आमच्या आईनं ठेवली. मग मी. मग ही. ही कंटाळते, पण घालते.”

“कंटाळत नाही हो आई,” रजनी म्हणाली. “डबे विकायला सोपे पडतात, एवढंच म्हणते.”

“तेच ते.”

मी तिथं जमिनीवर बसून पोटभर रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. दुःखाचं रडणं नव्हतं ते. चार दशकं आमची भावकी वाद घालत होती, की त्या पुरुषानं ही चांदी कमावली की खाल्ली. घरातल्या बाईनं ती कमावली असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. बाबांच्याही नाही. माझ्याही नाही. आणि कमावली तर कशी! परक्या गावात, परक्या फळावर, माहेरच्या गाठीनं, अख्ख्या पावसाळ्याला पुरून उरून.

रजनीनं चहा आणि फुगे आणले. फुगे म्हणजे इथले तळलेले गोल, हलके, गोडसर गोळे. “अंडं आहे बरं का यात,” ती हळूच म्हणाली, “चालेल?”

“आज सगळं चालेल,” मी म्हणाले आणि चार खाल्ले.

निघताना आजींनी एक पुडी माझ्या हातात दिली. पैशांचं नाव काढलं तर त्यांना अचानक काहीच ऐकू येईना. मग पेल्याकडे बोट करून म्हणाल्या, “या दसऱ्यानंतर आमची पुडी उघडू. तेव्हा हा इथं असू दे. एक दिवस. मी असले तर.”

मी हो म्हणाले. पेला माझा नव्हता, तरी हो म्हणाले.

*

बाबांना फोन केला नाही. असं काही फोनवर सांगायचं नसतं. परतताना घोडबंदरवरून आले, तासभर जास्त लागला, पण खड्ड्यांत जायची हिंमत नव्हती. डबा शेजारच्या सीटवर होता आणि त्याला मी पट्टा लावला होता. टोलनाक्यावरच्या मुलीनं डब्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तिला म्हटलं, “आजी आहे.” तिला रोज नाना तऱ्हेची माणसं भेटत असणार.

संध्याकाळी बाबा गॅलरीत लसूण विणत बसले होते. मी त्यांच्यापुढे आधी पुडी ठेवली, मग पेला, आणि शेजारी बसले. त्यांनी पुडीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, हातातल्या लसणाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं.

“ही तर आपली वेणी,” ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. अर्नाळ्याच्या बायकांचं सांगितलं तेव्हा ते हसले. श्रावणातलं सांगितलं तेव्हा रस्त्याकडे बघत राहिले. ती डावखुरी होती, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. बाबाही डावखुरे. निफाडला त्या हातावर त्यांनी पुष्कळ छड्या खाल्ल्या आहेत. हा हात कुठून आला, हे घरात कुणालाच सांगता येत नसे.

त्यांनी पेला उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

“पाणी आण,” ते म्हणाले.

तुम्ही वसईला कशासाठी जाल मला माहीत नाही. किल्ल्यासाठी जा, समुद्रासाठी जा, फुग्यांसाठी तर जाच. माझ्यासोबत तिथून काय आलं, ते मी अजून मोजते आहे. आमच्याकडे आजीचा एकही फोटो नाही. पण आता मला ती उंची, तो सावळा रंग, वाढताना पुढे आलेला डावा हात आणि ते हसू दिसतं. आणि बाबा बदललेत. परवा खालच्या मजल्यावरच्यांनी बारशाचे पेढे दिले, ते त्यांनी ठेवून घेतले. दोन खाल्लेसुद्धा.

पेला आता वरच्या फळीवर नसतो. बाबांच्या उशाशी असतो. सकाळचं पहिलं पाणी त्यातूनच. घासायला ते कामवाल्या मावशींना देत नाहीत, मलाही देत नाहीत, रांगोळी घेऊन स्वतः बसतात. माझ्या नवऱ्यानं परवा नुसता बघायला उचलला तर म्हणाले, “ठेव खाली, हाताचे डाग पडतात.” ज्या माणसानं मला सांगितलं होतं परत आणला नाहीस तरी चालेल, तोच हा माणूस.

काल रजनीचा फोन होता. आजी बऱ्या आहेत. त्यांनी पुडी बांधून ठेवली आहे, पावसाची वाट बघतायत आणि रोज विचारतायत, पेला येणार ना? मी पुन्हा हो म्हणाले.

आत्ता हे लिहून झालं, की मला गॅलरीत जायचं आहे. बाबा तिथं बसलेत, पेला डाव्या हातात. उत्तर आधी ‘नाही’च येणार हे मला माहीत आहे आणि ते ऐकायला मी इतक्या आनंदानं कधीच गेले नसेन.

“बाबा, दसऱ्यानंतर फक्त एका दिवसासाठी, तुमचा पेला मला न्यायला द्याल?”